घोडीसाठी पाईपचं आवार करून घेताना झालेली फसवणूक

नागपूरच्या आसपास कोणी घोडा पाळत असेल आणि त्याला मोकळं सोडायला लोखंडी पाईपचं आवार करून घेणार असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. गोठ्याचं कुंपण करणाऱ्यांनीही वाचा, माल तोच असतो.

आमची चांदणी बरीच वर्षं लग्नाच्या वरातीत चालली. पुढचा डावा पाय अधू झाल्यावर मालकाने ती विकायला काढली आणि आम्ही ठेवून घेतली. काटोल रोडला फेटरीच्या पुढे आमचं थोडं शेत आहे, तिथे तिला छप्पर होतं, पण दिवसभर ती दोरीला बांधलेली. घोडा बांधूनच ठेवला की पाय सुजतात, पोटदुखीचा धोका वाढतो, तो लाकूड कुरतडत बसतो. म्हणून ६० बाय ५० फुटांचं आवार करायचं ठरवलं. काटेरी तार फार स्वस्त पडली असती. पण घाबरून पळणाऱ्या घोड्याला तार दिसत नाही, तो थेट तीत शिरतो आणि पाय फाडून घेतो. तार लावायची नाही, एवढं पक्कं होतं.

घेर २२० रनिंग फूट. एका वर्कशॉपने फुटाला ६२० रुपये सांगितले, ओळखीतून आलेल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने ४५०. दोघांनी सांगितलेलं काम सारखंच: दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप, तीन आडवे, दर ८ फुटांवर खांब, ५ फूट उंची, अडीच फूट जमिनीत. सदतीस हजारांचा फरक होता. “ताई, मी लोहाओळीतून डायरेक्ट माल उचलतो, मधला कोणी नाही. हत्ती आला तरी हलणार नाही,” ४५० वाला म्हणाला. (लोहाओळी म्हणजे नागपुरातला लोखंडाचा बाजार.) पक्कं बिल घेतलं तर अठरा टक्के वर लागतील, म्हणून चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर फक्त ‘पाईप दीड इंची’ लिहिलं होतं. मी ६० हजार पाठवले.

मे महिन्यात काम झालं. उन्हाने काळी माती दगडासारखी झालेली असते, सब्बल मारली तरी ठिणगी उडावी अशी. मी ऑफिसात होते. तीन माणसांनी एका दिवसात २८ खड्डे खणून खांब उभे केले. अशा जमिनीत अडीच फुटांचे २८ खड्डे तीन माणसं एका दिवसात खणूच शकत नाहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी गेले तर प्रत्येक खांबाच्या बुडाशी सिमेंटचा गुळगुळीत गोळा, वर चंदेरी रंग, पाईपवर निळा पट्टा. निळा पट्टा म्हणजे बी क्लास. पिवळा असला तर हलका ए क्लास, लाल असला तर जाड सी क्लास. मी उरलेले ३९ हजारही दिले.

घोडीची देखभाल करणाऱ्या आमच्या सईसकाकांना एक गोष्ट खटकली होती. आडवे पाईप खांबांच्या बाहेरून वेल्ड केलेले होते. “ताई, घोडी ढकलते. पाईप आतून पाहिजे, म्हणजे जोर खांबावर जाते. बाहेरून असला तर सारा भार वेल्डिंगवर.” मी फोन केला. “बाहेरून फिनिशिंग चांगली दिसते,” असं उत्तर मिळालं आणि मी ऐकून घेतलं.

जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी पहाटे काकांचा फोन आला. पूर्वेकडचे तीन खांब कलले होते, मधला पाईप वेल्डमधून तुटून बाहेर लोंबत होता आणि चांदणी शेजारच्या सोयाबीनमध्ये उभी होती. खांद्यापासून छातीपर्यंत वीतभर चिरलेलं. तुटलेल्या पाईपचं तोंड उघडंच होतं, पत्र्यासारखं धारदार. पशुवैद्यकांनी ११ टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यामुळे जखम किती का लहान असेना, हे इंजेक्शन चुकवू नका.

त्या दिवशी आम्ही एक अख्खा, ६ मीटरचा पाईप सोडवला आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. दीड इंची बी क्लासची भिंत सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते, ६ मीटरला साडेएकवीस किलोच्या जवळ वजन भरायला हवं. काट्यावर १४ आलं. भिंत मोजली तर दोन मिलिमीटर. निळा पट्टा ब्रशने मारलेला, एका कडेने ओघळलेला. खऱ्या पाईपवर असतं ते कंपनीचं नाव आणि आयएसआयची खूण कुठेच नव्हती. एकूण ४८ पाईप लागले होते. म्हणजे जवळपास साडेतीनशे किलो लोखंड आम्हाला मिळालंच नाही.

मग खांब उपटला. दोन माणसांच्या हाताने निघाला. जमिनीत जेमतेम एक फूट, आणि काँक्रीट फक्त वरच्या चार इंचात. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. अशा मातीत वरवरचा गोळा टिकत नाही, माती त्याला वर ढकलते आणि खांब दाढेसारखा हलायला लागतो.

त्या फॅब्रिकेशनवाल्याला फोटो पाठवले. आधी “घोडीच मस्तीखोर आहे” म्हणाला, मग नंबर ब्लॉक केला. पक्कं बिल नाही, पण व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः ‘बी क्लास लावतो’ असं लिहिलेलं आहे आणि पैसे यूपीआयने गेलेले आहेत. त्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाईनवर आधी नीट मार्गदर्शन मिळालं.

तुम्ही काम देणार असाल तर चिठ्ठीत पाईपचा क्लास, भिंतीची जाडी आणि एका पाईपचं वजन लिहून घ्या. माल उतरला की कोणताही एक पाईप स्वतः निवडून काट्यावर ठेवा. खड्ड्यांच्या दिवशी सुट्टी काढून तिथे उभे राहा, आणि अर्धे पैसे पहिला मोठा पाऊस होईपर्यंत देऊ नका. याला जो कंत्राटदार नाही म्हणेल त्याला काम देऊ नका, मग तो कोणाच्याही ओळखीचा असो.

दुसऱ्यांदा काम त्या ६२० वाल्याकडूनच करून घेतलं. खड्डे अडीच फूट, बुडाशी रुंद, तळापासून काँक्रीट, पाईप आतल्या बाजूने, प्रत्येक उघड्या तोंडाला टोपण. फाटकाला कडीसोबत साखळी, कारण चांदणी ओठांनी कडी सरकवते. जुन्या हलक्या पाईपांचा मांडव करून पाण्याच्या टाक्यावर हिरवी नेट टाकली, तेवढीच उन्हाळ्यात सावली.

पूर्वेच्या बाजूला ती अजून जात नाही. सईसकाका रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यात घमेल्यात चारा ठेवून मागे सरतात. परवा ती तिथवर आली, मान लांब करून दोन घास घेतले आणि परत फिरली.