टेकडीची उंची मोजायची आहे: ड्रोनचा लेझर, फुकटचा डेटा की रोव्हर?

साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाई १६४६, हे आकडे नाशिकच्या ट्रेकर मंडळींना तोंडपाठ असतात. पण म्हसरूळच्या पलीकडची, पाथर्डीची किंवा बेळगाव ढग्याकडची शंभर-दीडशे मीटर उठावाची टेकडी घ्या आणि चौघांना मोबाइल काढायला सांगा. चार वेगवेगळे आकडे येतील. मग कोणीतरी म्हणतं, "लेझरनं मोजून टाकू." जरूर मोजा. पण माथ्याचा एक आकडा हवा आहे, की अख्ख्या टेकडीचा आकार, हे आधी ठरवा. साधन आणि खर्च त्यावरच ठरतो.

फुकटात मिळतं तिथून सुरुवात करू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, डोंगराळ भागात समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात. माथ्यावर उंचीचा आकडा छापलेला नसेल, तर टेकडी कोणत्या दोन रेषांच्या मध्ये संपते एवढंच कळतं. एसआरटीएम ही अवकाशातून केलेली उंचीची मोजणी; तिचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एन्डेव्हर यानातून, रडारनं घेतलेला. त्याची चौकट ३० मीटरची, आणि चौकटीतल्या सगळ्या जमिनीला मिळून एकच उंची. तीस अंशांचा उतार असेल, तर टोकापासून १५ मीटर बाजूला सरकल्यावर जमीन साडेआठ मीटर खाली गेलेली असते. त्यामुळे टोकदार माथा या डेटात हमखास बुटका दिसतो. पठारी माथ्याला तो चालतो, सुळक्याला नाही.

फुकटचा लेझरही आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१८ मध्ये सोडलेला आइससॅट-२ हा उपग्रह हिरव्या लेझरचे सेकंदाला दहा हजार झोत जमिनीवर टाकतो, साधारण दर ७० सेंटिमीटरला एक. अडचण एवढीच की त्याच्या सहा रेघा असतात. दोन-दोनच्या जोड्या, आणि दोन जोड्यांत तीन किलोमीटरहून जास्त अंतर. तुमच्या टेकडीच्या नेमक्या माथ्यावरून रेघ गेली तर नशीब. सहसा ती उतारावरून जाते. पण पायथ्याची सपाट जमीन पडताळायला हा डेटा फार चांगला आहे.

मात्र त्यातला आकडा थेट टोपोशीटशी ताडून पाहू नका. आइससॅटची उंची पृथ्वीच्या गणिती गोलापासून मोजलेली असते, टोपोशीटची समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात या दोन शून्यांमध्ये साठेक मीटरचा फरक पडतो. समुद्रसपाटीपासून ७०० मीटर असलेली टेकडी तिथे ६४० च्या आसपास दिसते, आणि माणूस हादरतो. इंग्लंडमधल्या काफ टॉप डोंगराचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. समुद्रसपाटीचं गणिती मॉडेल सुधारलं आणि त्याचा आकडा ६०९.५७९ वरून ६०९.६०६ मीटर झाला. तिथे ६०९.६ मीटरची, म्हणजे २००० फुटांची रेघ ओलांडली की 'पर्वत' म्हणतात. २०१६ मध्ये तो पर्वत ठरला. डोंगर होता तिथेच होता.

आता ड्रोनवरचा लेझर. याची खरी ताकद झुडपांत दिसते. एका झोताचा काही भाग पानांवरून परततो, काही फटीतून जमिनीपर्यंत जातो, आणि नंतर जमिनीचे बिंदू वेगळे काढता येतात. कारवीनं भरलेल्या उतारावर दुसरं काहीच इतकं नीट चालत नाही. उड्डाण एप्रिल-मेमध्ये, पानगळ झालेली असताना करा. ऑगस्टच्या हिरवाईत जमिनीचे बिंदू विरळ येतात.

पण बिंदू वेगळे काढणारं सॉफ्टवेअर उभ्या कातळाला फसतं. आम्ही एका टेकडीचा डेटा भाड्यानं करून घेतला होता. साफ केलेल्या नकाशात माथा गुळगुळीत आला. मी तर त्या माथ्यावर, पुरुषभर उंचीच्या कातळाला टेकून डबा खाल्लेला! सॉफ्टवेअरनं तो कातळ झाड समजून कापला होता. कच्चे बिंदू मागवले तेव्हा तो सापडला. तेव्हापासून मी कच्ची फाइल घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

शिवाय परवानगी. ओझरचा विमानतळ, गांधीनगरची लष्करी धावपट्टी, देवळालीचा तोफखाना, यांमुळे नाशिकच्या आकाशात ड्रोन कुठेही उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन बघूनच तारीख ठरवा. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथली परवानगी वेगळी.

माथ्याचा एकच आकडा हवा असेल, तर माझं मत रोव्हरला, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा आणि उंची सांगणाऱ्या, काठीवर बसवलेल्या यंत्राला. भूमी अभिलेखची मोजणी हल्ली ज्या रोव्हरवर होते, तोच. भाड्यानं मिळतो आणि काही सेंटिमीटरपर्यंत अचूक उंची देतो. काठीचं टोक सर्वांत उंच कातळावर टेकवायचं, काठी सरळ आहे का हे दाखवणारा बुडबुडा मधोमध आणायचा, 'फिक्स' (जागा पक्की ठरल्याची खूण) आलं की निदान पाच मिनिटं हलायचं नाही. कातळ दोन-तीन असतील तर प्रत्येकावर मोजा. डोळ्याला उंच वाटणारा दगड पुष्कळदा खोटा ठरतो. आणि देवळाचा ओटा किंवा झेंड्याचा चौथरा धरू नका, मूळ जमीन धरा.

लेझरचा खर्च मी एकाच कामासाठी डोळे झाकून करेन: खोदकामाची नोंद. संतोषा आणि भागडी या डोंगरांच्या खोदकामावरून नाशिककर रस्त्यावर उतरले. अशा वादात माथ्याचा आकडा फारसा कामाचा नसतो, कारण पोखरतात ती कूस. किती घनमीटर गेलं हे दाखवायला आधीचा आणि नंतरचा, दोन्ही वेळचा लेझर नकाशा लागतो, आणि आधीचा नकाशा मागाहून करता येत नाही. तुमच्या गावची टेकडी शाबूत असेल, तर वर्गणी काढून या उन्हाळ्यातच एक उड्डाण करून घ्या.

बाकी सगळ्यांनी अर्ध्या दिवसाचा रोव्हर घ्यावा, आणि काठी टेकवलेल्या दगडाचा जवळून फोटो आकड्यासोबत ठेवावा.