चेंबर, चॅप्टर की टोस्टमास्टर्स? पुण्यातल्या मार्केटिंगवाल्यांसाठी

मार्केटिंगच्या नोकरीत दोन-चार वर्षं झाली की कुणीतरी सांगतंच, "अरे, कुठेतरी मेंबर हो, ओळखी वाढतात." कुठे, ते मात्र मोघमच राहतं. पुण्यात पर्याय बरेच आहेत आणि सगळीकडे वर्गणी भरून बघणं खिशाला झेपत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टींची चौकशी करा. तिथे शेजारच्या खुर्चीत कोण बसतं, गिऱ्हाईक की आपल्याच पेशातलं माणूस? आणि नोकरी बदलली तर सभासदत्व कुणाकडे राहतं?

मराठा चेंबर, म्हणजे एमसीसीआयए, ही उद्योग-व्यापाऱ्यांची १९३४ सालची संस्था. तिचा सेनापती बापट रस्त्यावरचा ट्रेड टॉवर बहुतेकांना ठाऊक असतो. तिथे सभासद असतात त्या मुख्यतः कंपन्या. तुम्ही जाता ते कंपनीच्या वतीने. भोसरी-चाकणकडच्या सुट्या भागांच्या कारखान्याचं मार्केटिंग बघत असाल, तर जरूर जा. माल घेणारे, माल पुरवणारे, निर्यातीच्या कागदपत्रांत मुरलेले, सगळे एकाच सभागृहात सापडतात. कॅम्पेन आणि कंटेंटवर रंगून गप्पा मारणारे मात्र कमीच. शिवाय नोकरी सोडली की सभासदत्व जुन्या कंपनीकडेच राहतं, तुमच्या हाती उरतात त्या ओळखी.

स्वतःची एजन्सी असेल किंवा फ्रीलान्स करत असाल, तर बीएनआयचा विचार करा. इव्हान मिझनर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही संस्था. दर आठवड्याला बैठक, बहुतेक ठिकाणी भल्या सकाळी. प्रत्येकाने मिनिटभरात आपला धंदा सांगायचा आणि मग एकमेकांना रेफरल, म्हणजे ओळखीतलं गिऱ्हाईक, द्यायचे. हजेरीचा काच मोठा. यायला जमत नसेल तर बदली माणूस पाठवावा लागतो. माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब याच वळणाचा, पण मराठी उद्योजकांचा, त्यामुळे बोलणं मोकळं होतं. दोन्हीकडे एकदम नाव घालू नका, हजेरीनेच दमछाक होईल.

नोकरदार माणसाने मात्र बीएनआयच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सभासद, हा तिथला मूळ नियम. धंद्यासाठी तो उत्तमच, स्पर्धक समोर बसत नाही. पण तुमची अडचण समजेल असा दुसरा मार्केटिंगवालाही त्याच नियमामुळे बाहेर राहतो. ज्याला गिऱ्हाईक हवंय त्याचं भागतं, ज्याला सोबत हवीय त्याचं नाही.

पेशाची म्हणून खास संस्था हवी तर नजर परदेशाकडे जाते: १९३७ पासूनची अमेरिकन मार्केटिंग असोसिएशन किंवा १९११ मध्ये सुरू झालेली ब्रिटनची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ मार्केटिंग. दोन्हीकडे सभासदत्व वैयक्तिक असतं, त्यामुळे ते नोकरी बदलली तरी तुमचंच. वाचायला भरपूर साहित्य, वेबिनार आणि नावापुढे लावता येतील अशा परीक्षा. हिंजवडीच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत, जिथे ग्राहक परदेशी आहेत, तिथे त्या प्रमाणपत्राला वजन येऊ शकतं. लक्ष्मी रोडवरच्या साडीवाल्याला त्याचं काही पडलेलं नसतं. आणि आपल्याला रात्री जागवणाऱ्या वेबिनारमध्ये ओळख होते ती नावापुरती. अभ्यासासाठी घ्या, गोतावळ्यासाठी नको.

उरलं टोस्टमास्टर्स. ही मार्केटिंगची संस्थाच नव्हे, १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेले भाषण शिकवणारे क्लब. तरी पाच वर्षांच्या आतला अनुभव असलेल्यांना मी हेच आधी सुचवेन. पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचव्या मिनिटाला हिरवा इशारा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. एक जण तुमचे 'अं' आणि 'म्हणजे' मोजत बसलेला असतो. भाषण संपलं की दुसरा उठून सगळ्यांसमोर सांगतो, काय जमलं आणि कुठे घसरलात. बॉससमोर सादरीकरण करताना 'आटपा' असं ऐकावं लागलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. गाव बदललं तरी तिथल्या क्लबमध्ये सभासदत्व हलवता येतं.

आधी पाहुणे म्हणून जाऊन या. टोस्टमास्टर्स आणि बीएनआय दोन्हीकडे ते चालतं. टोस्टमास्टर्समध्ये नाव घातलंत, तर पुढच्या निवडणुकीत जनसंपर्क उपाध्यक्षाचं पद मागून घ्या. पोस्टर, सोशल मीडिया, नवे पाहुणे आणणं, सगळं त्याच्याकडे. बजेट जवळपास शून्य आणि किती पाहुणे आले ते दर बैठकीत डोळ्यांनी दिसतं. पुढच्या मुलाखतीत सांगायला हे काम स्वतःचं असतं.