फोम मोल्डिंग: साधं पॉलिप्रॉपिलीन की काचतंतूंचं नायलॉन?

फोम मोल्डिंग म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये वायू सोडून, आत बारीक बुडबुडे असलेला भाग साच्यात घडवणं. नुसत्या हलकेपणात पॉलिप्रॉपिलीन पुढे: घनता साधारण 0.9 ग्रॅम प्रति घन सेंमी, तर 30 टक्के काचतंतू घातलेल्या नायलॉन 6 ची 1.36 च्या आसपास. पण बुडबुड्यांसाठी नायट्रोजन वायू सोडला की चित्र पालटतं. साधं पॉलिप्रॉपिलीन वितळल्यावर ताण सोसत नाही. बुडबुड्यांच्या भिंती फुटतात, बारीक बुडबुडे मिळून मोठ्या पोकळ्या होतात. टाल्क (एका मऊ खनिजाची पूड) मिसळली की बुडबुडे बारीक आणि भरपूर पडतात. लांब फांद्यांच्या रेणूंची ग्रेड घेतली तर भिंतीही टिकतात. अर्थात ती महाग.

नायलॉनमध्ये बुडबुड्यांना सुरुवात काचतंतूच करून देतात, शिवाय फोममुळे भाग कमी वाकडा होतो. नायलॉनचे कच्चे दाणे मात्र आधी वाळवायलाच हवेत. पृष्ठभागावरच्या चंदेरी रेघा दोन्हींत येतात! भार झेलणाऱ्या, तापणाऱ्या भागाला मी नायलॉनच घेईन. आतल्या झाकणांना पॉलिप्रॉपिलीन पुरतं.