किडनीच्या पसरलेल्या कर्करोगात जीवनमान मोजायचंय? तीन प्रश्नावल्या, एक निवड

प्रबंधासाठी म्हणा किंवा ओपीडीत नेमानं वापरायला म्हणा, जीवनमानाची, म्हणजे आजारात रुग्णाचं जगणं कसं चाललंय हे विचारणारी, प्रश्नावली निवडायची वेळ आली की तीन नावं पुढे येतात: एफकेएसआय-१९, क्यूएलक्यू-सी३० आणि ईक्यू-५डी. बहुतेक जण गाइडनं आधी जी वापरलेली असते तीच उचलतात. मी रुग्णांसमोर बसून अशा बऱ्याच प्रश्नावल्या भरून घेतल्यात. या आजारापुरतं माझं मत आधीच सांगून टाकतो: पाया एफकेएसआय-१९ चा ठेवा. पण ती एकटी पुरणार नाही.

एफकेएसआय-१९ किडनीच्या कर्करोगासाठीच बनलेली आहे. गेल्या सात दिवसांबद्दल १९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ७६ गुण. गुण जास्त तितकी तब्येत बरी. त्यातले १२ प्रश्न आजारानं शरीराला होणाऱ्या त्रासाचे: थकवा, हाडं दुखणं, धाप, खोकला, ताप, वजन उतरणं, लघवीतून रक्त वगैरे. एक प्रश्न आजार वाढेल या काळजीचा, तीन उपचारांच्या त्रासाचे, तीन कामधाम आणि समाधानाचे. लघवीतल्या रक्ताचा प्रश्न बाकी दोन्ही प्रश्नावल्यांत नाही. भरायला फार वेळ लागत नाही, आणि रुग्णालाही आपल्याच आजाराबद्दल विचारतायत असं वाटतं.

आता तिची उणीव. उपचारांचे तीन प्रश्न म्हणजे मळमळ, जुलाब आणि ‘दुष्परिणामांचा त्रास होतो का’ असा एक मोघम प्रश्न. सुनिटिनिब, पाझोपॅनिब, कॅबोझँटिनिबसारख्या या कर्करोगावरच्या गोळ्या घेणारा माणूस ओपीडीत येऊन पहिल्यांदा काय सांगतो? तोंड आलंय, तिखट सोडा, कोमट चहासुद्धा झोंबतो. तळपायाची साल निघतेय. एक गृहस्थ माझ्यासमोर चप्पल हातात घेऊन बसले होते, तळवे लालभडक. फॉर्मवर गुण मात्र चांगलेच आले, कारण ताप नाही, खोकला नाही, लघवी स्वच्छ. तळपायाला या फॉर्मात जागाच नाही. पाझोपॅनिब आणि सुनिटिनिबची थेट तुलना करणाऱ्या कॉम्पार्झ चाचणीत एफकेएसआय-१९ होतीच, पण तोंड-घसा आणि हातापायांच्या दुखण्यासाठी वेगळी पुरवणी प्रश्नावली जोडावी लागली होती. तुम्हीही तसंच काहीतरी जोडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रो-सीटीसीएई या, दुष्परिणाम रुग्णालाच विचारणाऱ्या प्रश्नांच्या संचातून हवी तेवढीच लक्षणं निवडता येतात. तोंड येणं आणि हात-पाय, एवढं घेतलं तरी चित्र बदलतं.

क्यूएलक्यू-सी३० युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेची. कुठल्याही कर्करोगाला चालते, आणि हेच तिचं बळ आणि हीच तिची अडचण. तुमच्या विभागात स्तनाच्या, फुप्फुसाच्या, किडनीच्या रुग्णांची एकत्र नोंद ठेवायची असेल तर दुसरी शोधू नका. मराठी आवृत्ती तयार आहे, आणि टाटा मेमोरियलमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ती तपासूनही झालीय. शिवाय आजारपणामुळे पैशाची ओढाताण झाली का, असा सरळ प्रश्न तिच्यात आहे. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणाऱ्या औषधांचा, खर्च पाहता आपल्याकडे तो प्रश्न वगळून जीवनमान कसलं मोजणार? एफकेएसआय-१९ मध्ये तो नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

सी३० चे गुण ० ते १०० मध्ये बदलून घ्यावे लागतात, आणि तिथे नवशिका हमखास चुकतो. कार्यक्षमतेच्या भागात जास्त गुण म्हणजे चांगलं, लक्षणांच्या भागात जास्त म्हणजे वाईट. दोन्हींची सरसकट सरासरी काढलेले तक्ते मी पाहिलेत. साधारण १० गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा धरतात. तो आडाखा १९९८ मध्ये स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरून आलाय, किडनीच्या नव्हे, एवढं लक्षात असू द्या. आणि जड पिशवी किंवा सूटकेस उचलताना त्रास होतो का, या प्रश्नाला एका आजींनी दिलेलं उत्तर: “पिशवी सूनच धरते.” कुठल्या खान्यात टिक करायची?

ईक्यू-५डी बद्दल थोडक्यात. हालचाल, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना, चिंता असे पाच प्रश्न आणि ० ते १०० ची एक उभी पट्टी. हिचं खरं काम औषधाच्या खर्चाचा आणि फायद्याचा हिशोब मांडणं. भारतीय लोकांच्या पसंतीवर आधारलेला गुणांचा तक्ता २०२२ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे परदेशी तक्ते उसने घ्यायची गरज नाही. तसा हिशोब करायचा नसेल तर ही एकटी घेऊ नका. थकव्याचा प्रश्नसुद्धा तिच्यात नाही.

तिन्हींच्या परवानग्या हक्क असलेल्या संस्थांकडून घ्याव्या लागतात. मराठी आवृत्तीही तिथूनच मागवा, रात्री बसून स्वतः भाषांतर करू नका.

पण खरं सांगायचं तर, कोणती प्रश्नावली यापेक्षा कोणत्या दिवशी भरून घेता याकडे मी आधी बघेन. सुनिटिनिबची नेहमीची पद्धत चार आठवडे गोळी, दोन आठवडे सुट्टी. सात दिवसांबद्दल विचारणारा फॉर्म २८ व्या दिवशी दिला तर रुग्ण सगळ्यात थकलेला असतो, सुट्टी संपताना दिला तर तोच माणूस ताजातवाना. ईक्यू-५डी तर फक्त ‘आज’बद्दल विचारते. कॉम्पार्झमध्ये २८ व्या दिवशी विचारलं होतं. रोज विनाखंड घ्यायच्या पाझोपॅनिबला त्याचा फायदा मिळाला, ही टीका मला रास्त वाटते. पिसेस चाचणीत वेगळी वाट धरली होती: गोळी कोणती हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, दोन्ही औषधं पाळीपाळीनं, आणि शेवटी मुख्य प्रश्न, यातलं पुढे कोणतं घ्याल? ७० टक्क्यांनी पाझोपॅनिब म्हटलं, २२ टक्क्यांनी सुनिटिनिब. उलट चेकमेट २१४ या चाचणीत निवोलुमॅब-इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीवरच्या रुग्णांचं जीवनमान सुनिटिनिबपेक्षा बरं दिसलं, पण तिथे कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं. निकाल त्यामुळे खोटा ठरत नाही, वाचताना तेवढं धरून चालायचं.

तेव्हा वार ठरवा, औषधाच्या चक्रातला दिवस फॉर्मवर लिहा, आणि डॉक्टरांनी स्कॅनचा रिपोर्ट सांगायच्या आधी फॉर्म भरून घ्या. रिपोर्ट ऐकल्यावर काळजीच्या प्रश्नाचं उत्तर बदलतं.

आणि पेन नातेवाइकाच्या हातात देऊ नका. मागे एका मुलानं वडिलांना न विचारताच ‘झोप चांगली लागते’ वर टिक केली. वडील बाजूलाच होते. म्हणाले, “तू घोरत असतोस, तुला काय कळतंय?”