हिंगण्यातल्या शेडची माती-पाणी तपासणी : दोन फेऱ्यांनंतरचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आधीचा भाडेकरू क्रोम प्लेटिंग करायचा. जाताना त्याने टाक्या उचलल्या आणि वर नवा कोबा टाकून दिला. नवीन भाडेकरू खाद्यपदार्थांच्या पॅकिंगवाला. करार करण्याआधी त्याच्या कंपनीने माती आणि भूजल, दोन्हींचा अहवाल मागितला. म्हणून २०२५ च्या मेमध्ये एका खासगी एजन्सीला काम दिलं. आता पावसाळ्यानंतरची फेरीही हातात आली आहे.

कोटेशन मागवली तेव्हा बहुतेकांनी पॅरामीटरची लांबलचक यादी पाठवली. नमुना मात्र आमच्याच जुन्या बोअरचा घेणार! या एजन्सीची यादी छोटी होती, पण तिने तीन उथळ निरीक्षण विहिरी (फक्त नमुने घ्यायला आणि पातळी मोजायला पाडलेली पाइपवाली भोकं) सुचवल्या, म्हणून ती निवडली. इथला बोअर बेसाल्टमध्ये खोलवर जातो, त्यात सगळ्या भेगांचं पाणी एकत्र होतं. प्लेटिंगचं पाणी झिरपलं असेल तर ते आधी वरच्या मुरमात सापडणार. विहिरी तीनच का, तर त्याहून कमी असल्या की पाणी कोणत्या दिशेला वाहतं ते काढता येत नाही.

आमच्या चौकीदाराला हा सगळा प्रकार पटला नव्हता. "साहेब, बोरचं पानी तं गोड हाये, आमी तेच पेतो," असं म्हणून त्याने ग्लास भरून दाखवला. पण सहा संयोजी क्रोमियमची (प्लेटिंगमध्ये वापरतात ते क्रोमियमचं विषारी रूप) पिवळी झाक डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी पिण्याच्या पाण्याची ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा ओलांडलेली असते. ही मर्यादा आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली, एकूण क्रोमियमसाठीची. पाण्यातले एकूण क्षार दाखवणारं खिशातलं टीडीएस मीटर इतक्या बारीक मात्रेत काहीच सांगत नाही.

फील्डवरची पोरं झकास होती. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, सांडलेलं रसायन त्यातूनच सरळ खाली उतरतं. त्यांनी जुन्या टाकीच्या जागी कोबा कापून थर-थर माती काढली, आणि एक नमुना कंपाउंडच्या त्या कोपऱ्यातून घेतला जिथे कधीच काही काम झालं नव्हतं. पैसा वसूल झाला तो या एका नमुन्यामुळे. बेसाल्टपासून झालेल्या मातीत क्रोमियम आणि निकेल मुळातच असतं. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात परदेशी मर्यादा लावून अख्खा प्लॉट लाल रंगवला होता, पण एकूण क्रोमियम त्या कोपऱ्यातही तेवढंच निघालं. खरा फरक सहा संयोजी क्रोमियममध्ये होता, आणि तोही फक्त टाकीच्या आसपास.

पाणी काढायची पद्धतही नीट होती. विहिरीत साचलेलं पाणी आधी उपसायचं, पीएच आणि वाहकतेचे आकडे स्थिर होऊ द्यायचे, मग बाटली भरायची. बाकी धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल टाकलं, सहा संयोजीच्या बाटलीत नाही, कारण आम्लात त्याचं रूप बदलतं.

इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे हीच बाटली कुरिअरने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेली. असा नमुना साधारण २४ तासांत तपासायचा असतो. आमचा तपासला तोवर ती मुदत कधीच उलटून गेली होती. पावतीवरच्या तारखा मीच जुळवून पाहिल्या, त्यांच्या ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. भांडून नमुना पुन्हा घ्यायला लावला, या वेळी नागपुरातच दिला. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे एवढ्यावर भागत नाही, हीच चाचणी तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत, आहे का ते पाहा.

मेमध्ये तिन्ही विहिरी मर्यादेखाली होत्या. तेव्हाच थांबलो असतो तर स्वच्छ जागेचा कागद मिळाला असता. ऑक्टोबरमध्ये पाणी बरंच वर आलं, टाकीखालच्या मुरमाला भिडलं, आणि नाल्याकडच्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या वर गेला. कुणी एकाच फेरीचं कोटेशन देत असेल तर ते कितीही स्वस्त असो, मी घेणार नाही.

अहवाल म्हणाल तर जाडजूड आणि अर्धा साच्यातला. विहिरींच्या केसिंगच्या, म्हणजे आतल्या पाइपच्या वरच्या काठाच्या, पातळ्यांचा तक्ताच नव्हता; पाण्याची पातळी तिथूनच मोजतात. त्याशिवाय नकाशावरच्या प्रवाहाच्या बाणाला अर्थ काय? मागितल्यावर दिला. मधल्या काळात, जुलैमध्ये, केंद्राचे दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम निघाले. त्यामुळे नवीन भाडेकरूचा वकील आणखीनच बारकाईने वाचायला लागला, आणि हा तक्ता त्यानेही मागितलाच.

टाकीखालची माती उकरून बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचं ठरलं आहे. बोअर सध्या बंद, चौकीदाराचं पाणी टँकरचं. येत्या मेची फेरी याच एजन्सीला दिली आहे. विहिरी तयार असल्याने ड्रिलिंगचा मोठा खर्च आता नाही, आणि कुरिअर चालणार नाही हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून टाकलंय.