‘सुपर १२०’च्या काठाला भुलू नका : लग्नाच्या सुटात झालेली फसवणूक

कापडाच्या काठावर सोनेरी अक्षरांत ‘सुपर १२०, ऑल वूल’ असं विणलेलं होतं. दुकानदारानं ताका उलगडताना काठच आधी पुढं केला आणि म्हणाला, “पावणं, इटालियन माल हाय. डोळं झाकून घ्या.” करवीर तालुक्यातला नवरदेव, तालमीत कमावलेलं अंग, तयार कोट बसत नाही म्हणून कोल्हापुरात शिवून घ्यायला आलेला. कापड २,४०० रुपये मीटर, घेतलं ३.७५ मीटर. थ्री-पीसची शिलाई ‘फुल कॅनव्हास’ (कोटाच्या पुढच्या भागात आतून पूर्ण बसवलेलं आधाराचं कापड) म्हणून १४,०००. एकूण २३,००० रुपये. पावतीवर मात्र एवढंच : ‘सूट, १ नग’.

अंगावर आलं ते टीआर, म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्रण. कोटाच्या आत कॅनव्हास नव्हता. आणि मापं वहीत उतरवून घेतली असली तरी कटिंग तयार साच्यावरच झालं होतं. दुकानाचं नाव इथं देत नाही. ही पद्धत एकट्या त्या दुकानाची नाही.

काठावरचा मजकूर हा पुरावा नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. मागावर काठात कुठलीही अक्षरं विणता येतात. ‘सुपर’चा आकडा लोकरीच्या तंतूची बारकाई सांगतो : सुपर १०० म्हणजे सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. पॉलिस्टरच्या कापडाला हा आकडा लावायचा प्रश्नच येत नाही. तरीही टीआरच्या ताक्यांवर ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ सर्रास दिसतं. त्यामुळं आकडा विचारू नका, टक्केवारी विचारा : लोकर किती, पॉलिस्टर किती, व्हिस्कोस किती. “मिक्स असतंय थोडं” हे उत्तर नाही.

मग धागा जाळून बघा. ताक्याच्या टोकाकडून चार-पाच उभे आणि चार-पाच आडवे धागे वेगवेगळे काढा, कारण काही कापडांत एकाच दिशेला लोकर असते. लोकर जळताना जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ती आपणहून विझते, आणि राख बोटांत चुरडली तर भुगा होते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक मणी राहतो. व्हिस्कोस आणि सुती धागा कागदासारखा जळतो. टीआरमध्ये कागदाचा वास आणि कडक मणी दोन्ही मिळतात, केसांचा वास मात्र नसतो. टेरीवूलमध्ये, म्हणजे पॉलिस्टर-लोकरीच्या मिश्रणात, केसांचा वास येतो, पण मणीही राहतो. नवखा माणूस इथं फसतो, म्हणून नुसत्या वासावर जाऊ नका. शंका राहिली तर दोन इंचांचा तुकडा घरी नेऊन पांढऱ्या कपड्यांच्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये, खिडकी उघडी ठेवून, काही तास बुडवा. त्यात दुसरं काही, विशेषतः ॲसिड, मिसळू नका. शुद्ध लोकर विरघळते. जे जाळं शिल्लक राहतं ती भेसळ. जो दुकानदार चार धागे काढू देत नाही, त्याच्याकडून २,४०० चं कापड घेऊ नये.

शर्टाच्या लिननला जाळून उपयोग नाही, कारण लिनन आणि सूत सारखंच जळतं. एक धागा काढून पीळ उलगडा आणि ओढून तोडा. सुताचं टोक मऊ, पिंजारलेलं दिसतं. लिननचे तंतू लांब असल्यानं तुटलेलं टोक सरळ आणि ताठ राहतं. जाड-बारीक धाग्याचं सुती कापड ‘कॉटन लिनन’ म्हणून खपवतात, ते इथं पकडलं जातं. शिवाय सुती आणि लिनन कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच कटरकडं द्या. चार टक्के आटलं तरी ३० इंच लांबीचा शर्ट सव्वा इंचानं तोकडा होतो. लग्नसराईत ही पायरी हमखास गाळली जाते आणि दोष धोब्यावर जातो.

आता मीटर. ५८ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, मध्यम उंचीच्या माणसाचा टू-पीस ३ ते ३.२५ मीटरमध्ये होतो, थ्री-पीसला ३.५ ते ३.७५ लागतं. चौकड्या असतील तर जुळवणीसाठी थोडं जास्त. नुसत्या पँटला १.२ ते १.३, शर्टाला १.६, पन्हा ३६ चा असेल तर शर्टाला सव्वादोन ते अडीच. म्हणजे नवरदेवाला विकलेलं कापड जास्त नव्हतं. पण मोजताना कापड ताणून धरलं होतं. स्ट्रेच कापड अंगठ्यानं ओढलं की दर मीटरला दोन-तीन सेंटीमीटर आरामात जातात. टेबलावर सैल पसरून, वैधमापन विभागाचा शिक्का असलेल्या मीटरपट्टीनंच मोजायला लावा. आणि कोट व पँट एकाच ताक्यातून फाडलेत ना, हे दुकानाबाहेर उजेडात बघा; दोन ताक्यांतला रंगाचा फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही, मांडवात कळतो. आहेराच्या खोक्यातल्या सूटपीसलाही हेच लागू. खोकं उघडा, लांबी मोजा, वर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा.

कॅनव्हासची लबाडी कापडापेक्षा महाग पडते, कारण ती अस्तराआड असते. कॅनव्हास म्हणजे सूत, लोकर आणि जनावरांच्या केसांचं विणलेलं आतलं कापड. ते हातटाक्यांनी बसवतात, म्हणून कोटाची छाती अंगाबरोबर वळते. फ्युजिंगमध्ये गोंद लावलेला थर उष्णतेनं चिकटवतात. फ्युजिंग वाईटच असतं असं नाही. अर्ध्या भावात ते घ्यावंही. पण १४,००० मोजून नाही. तपासायचं कसं? खालच्या बटणापाशी वरचं कापड एका हातानं, अस्तर दुसऱ्या हातानं चिमटीत धरून अलग करा. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर कॅनव्हास. वरचं कापड जाड, पुठ्ठ्यासारखं चिकटलेलं लागलं तर फ्युजिंग. नवरदेवाच्या कोटाला पहिल्याच ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे आले. गोंद सुटला की असं होतं, आणि त्याला दुरुस्ती नाही. खरं तर तारखांवरूनच कळायला हवं होतं : फुल कॅनव्हासला पांढऱ्या धाग्याच्या कच्च्या टाक्यांवर, बाह्या पक्क्या व्हायच्या आधी एक ट्रायल होते. त्याला बोलावलं थेट तयार कोटावर, लग्नाच्या दोन दिवस आधी.

मापांचं गणित असं होतं. छाती ४४, कंबर ३४, सीट ४०, मांडी २६. तयार साच्यात छाती ४४ ला कंबर साधारण ३८ धरतात. म्हणजे कोट कंबरेला चार इंच ढगळ. ते नुसतं बाजूच्या शिवणीतून दाबलं, त्यामुळं खिसे मागं ओढले गेले आणि पाठीवर आडव्या वळ्या पडल्या. जोर-बैठका काढलेल्या माणसाचे खांदे मानेपासून उतरते असतात. सपाट खांद्याचा साचा लावला की खांद्याच्या टोकाशी कापड मोकळं राहतं आणि काखेच्या मागं तिरक्या वळ्या पडतात. पैलवानकीचं अंग शिवायचं तर स्वतंत्र पॅटर्न काढावा लागतो, शिलाई त्याचीच घेतलेली असते.

पँट तर पाटावर बसताना मागून उसवली. २६ मांडीला तयार माप किमान २८ हवं, होतं २५ च्या आसपास, स्ट्रेचवर निभावलेलं. खुलं करायला आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, नव्हती; होतं ते सेंटीमीटरभर. शिवून घेतलेल्या पँटला मागच्या शिवणीत कंबरेपाशी दोन्हीकडं दीड इंच, कोटाच्या बाजूला इंचभर माया असायलाच हवी. ट्रायलला पँट उलटी करून बघा. साच्यावर कापलंय की मापावर, ते मायेवरून बऱ्यापैकी कळतं.

माप देताना खिशातलं पाकीट-मोबाईल बाहेर काढा, पोट आत ओढू नका, आणि लग्नात घालणार तेच बूट घालून या. चप्पल घालून लांबी दिली आणि वर इंचभर टाचेचे बूट चढवले की पँट घोट्यावर जाते. ट्रायलला खुर्चीवर आणि जमिनीवर, दोन्हीकडं बसून बघा.

कात्री लागली की कापड परत होत नाही, म्हणून पावती कटिंगच्या आधी नीट लिहून घ्या. धाग्याची टक्केवारी, पन्हा, मीटर; फुल कॅनव्हास, हाफ (फक्त छातीपुरता) की फ्युजिंग; अंगाचं माप वेगळं आणि तयार माप वेगळं; ट्रायलच्या तारखा; उरलेलं कापड परत मिळणार असल्याची नोंद. काठासकट एक तुकडा पावतीला टाचलेला, त्याचा जोडीदार तुमच्या घरी. “आमच्यावर विश्वास नाय व्हय?” असं विचारतील. हसून टाचणी पुढं करा.

फसल्यावर दुकानदाराला आधी लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि नाहीच जमलं तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सूट दुकानात ‘दुरुस्तीला’ ठेवून येऊ नका, तोच पुरावा आहे. कापड तपासून घ्यायचं तर इचलकरंजीत प्रयोगशाळा आहेत, आणि त्यासाठी सूट फाडावा लागत नाही. पँटच्या बॉटमला आत दुमडलेलं कापड असतं, तिथून निघालेल्या पट्टीवर भागतं.