रिझ्युमे, सीव्ही की बायोडाटा: नेमकं काय पाठवायचं?

परवा माझी भाची नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज करत होती, तिनं दाखवलेला कागद सीताबर्डीच्या एका टायपिंगच्या दुकानात बनवलेला, वर ठळक अक्षरात 'बायोडाटा', मग वडलांचं नाव, धर्म, जात, उंची, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. तिला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, आठ महिने एका सीएकडे जीएसटीचे रिटर्न भरलेत, ते सगळं दुसऱ्या पानावर एका ओळीत. वाईट वाटलं हो, पोरगी कामाची आणि कागदच तिला लपवून राहिला होता.

आता बायोडाटा वाईट असतो असं नाही. हिंगणा नाहीतर बुटीबोरी एमआयडीसीत हेल्पर, फिटर, ऑपरेटर घेतात तिथं 'बायोडाटा देऊन जा' म्हणतात, आणि आयटीआयचा ट्रेड, वय, राहता कुठं, नाईट शिफ्टला याल कसे हे खरंच बघतात, तिथं एक पानी बायोडाटा मस्त चालतो. पण धर्म-जात तिथंही कायले लिहायची? सरकारी भरतीत आरक्षणासाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना असतो, दाखला वेगळा लागतो.

ऑफिसातली खाजगी नोकरी असेल तर डोळे झाकून रिझ्युमे, म्हणजे तुमचं काम आणि कौशल्यं थोडक्यात सांगणारा कागद. फ्रेशरला एक पान पुरे, बराच अनुभव असेल तर दोन. 'हार्डवर्किंग, सिन्सिअर' सगळेच लिहितात, त्यापेक्षा 'दर महिन्याला ४० दुकानांचे जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी रिटर्न भरले' असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं की या माणसाला उद्यापासून बसवता येईल. आणि ते दोन कॉलमवाले, फोटो आणि रंगीत पट्ट्यांचे टेम्प्लेट नका घेऊ. भाचीनं आधी तसलाच एक अपलोड केला होता, कंपनीच्या सॉफ्टवेअरनं तिचा फोन नंबर उचलून स्किलच्या रकान्यात टाकला, मग कॉल येणार कुठून?

सीव्ही हे मूळ लॅटिन, 'करिक्युलम व्हिटे', म्हणजे आयुष्याचा धावता क्रम, त्यामुळे तो लांबला तरी चालतो. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था, व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज अशा ठिकाणी प्रोजेक्टवर किंवा प्राध्यापकीसाठी जायचं असेल तर थिसिसचा विषय, गाईड, पेपर, कॉन्फरन्स, शिकवण्याचा अनुभव सगळं द्या, ताजं आधी. मात्र जाहिरातीसोबत अर्जाचा नमुना असेल तर तोच भरायचा, सीव्ही फार तर सोबत जोडायचा.

गोंधळ होतो तो शब्दामुळे. आपल्याकडे खाजगी कंपनी 'सीव्ही पाठवा' म्हणते तेव्हा तिला बहुतेक वेळा रिझ्युमेच हवा असतो, इंग्लंडातही तसंच, अमेरिकेत मात्र सीव्ही म्हणजे प्राध्यापक-संशोधकांचा लांब कागद. म्हणून जाहिरातीतला शब्द नाही, पोस्ट बघा, तरी शंका असेल तर सरळ फोन करून विचारा, कोणी रागावत नाही.

आधार आणि पॅनचा नंबर तिन्हींपैकी कशावरच नको, ते जॉइनिंगच्या वेळी मागतात तेव्हा द्यायचं.

भाचीचा कागद आता एका पानावर आलाय, जीएसटीचं काम सगळ्यात वर, पीडीएफच्या नावात तिचं नाव आणि पोस्ट. वरच्या तीन ओळी ती आता दर जाहिरात वाचून बदलते.